एडवर्डियन गाऊनचा पॅटर्न कुठे शोधायचा, कसा पारखायचा आणि कागदावर कसा उतरवायचा

प्रश्न असा आहे: “नाटकासाठी १९०५च्या सुमाराचा इंग्लिश गाऊन शिवायचा आहे. ब्लाउज, परकर, ड्रेस शिवण्याचा सराव आहे. पण ‘एडवर्डियन’ म्हणून जे पॅटर्न नेटवर दिसतात ते एकमेकांशी जुळतच नाहीत. खरा कुठला समजायचा? फुकट मिळतो का? आणि पुस्तकातल्या छोट्या आकृतीवरून पूर्ण मापाचं कटिंग कसं काढायचं?”

जुळत नाहीत, कारण ते एकाच कपड्याचे नाहीतच. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड (त्याच्यावरूनच ‘एडवर्डियन’) गादीवर होता १९०१ ते १९१० एवढाच काळ. शिवणकामात मात्र ‘एडवर्डियन’ हा शब्द पहिल्या महायुद्धापर्यंत, म्हणजे १९१४पर्यंत ताणला जातो. या तेरा-चौदा वर्षांत बाईच्या कपड्याचे तीन वेगळे आकार होऊन गेले. म्हणून शोध सुरू करायचा तो चित्र बघून नव्हे, तर साल ठरवून. साल दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात पक्कं झालं की निम्मे पॅटर्न आपोआप बाद होतात.

पहिला आकार साधारण १९०१ ते १९०७चा. छाती पुढे, पोट सपाट, मागचा भाग मागे आणि बॉडिसचा (गाऊनच्या कंबरेपर्यंतच्या वरच्या कपड्याचा) पुढचा भाग कंबरेवर पिशवीसारखा ओघळलेला. बाजूने पाहिलं तर इंग्रजी ‘एस’ अक्षर दिसतं. स्कर्ट नितंबांवर घट्ट आणि गुडघ्याखाली तुतारीसारखा फाकलेला असतो. दुसरा आकार १९०८ ते १९१०चा: कंबर वर सरकते, बाही अरुंद होते, स्कर्टचा घेर आटतो, आणि खांद्यापासून खालपर्यंत सलग शिवण असलेला कट जोरात येतो. हा कट आपल्याकडच्या ब्लाउजवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला ‘प्रिन्सेस कट’च, फक्त कंबरेशी न थांबता जमिनीपर्यंत गेलेला. तिसरा आकार १९११ ते १९१४चा. पॅरिसचे फॅशन डिझायनर पॉल प्वारे यांच्या प्रभावाचा, जवळपास नळीसारखा, कंबर छातीच्या खाली आणि स्कर्ट घोट्याशी आवळलेला. ‘टायटॅनिक’ १९१२मध्ये बुडाली, त्यामुळे ‘टायटॅनिक गाऊन’ नावाने जे विकलं जातं ते या तिसऱ्या गटातलं असतं. तुमच्या १९०५च्या पात्राला ते घातलं तर जाणकाराला पहिल्या नजरेत खटकेल.

हाताशी एखादा फोटो किंवा रेखाचित्र असेल आणि साल माहीत नसेल, तर बाही बघा. १९०१ ते १९०४मध्ये बाही वर चापून बसलेली आणि फुगा मनगटाकडे उतरलेला असतो. १९०५-०६मध्ये तो फुगा वर, कोपराच्या वरच्या बाजूला चढतो. १९०७च्या आसपास कोपरापर्यंतच्या बाह्या खूप दिसतात. १९०९नंतर बाही बारीक होते, आणि अंगासोबत सलग कापलेली किमोनो बाही येते. गळ्याचं म्हणाल तर दिवसाच्या कपड्याला उभी, उंच गळपट्टी आणि संध्याकाळच्या कपड्याला खोल गळा, हे जवळपास संपूर्ण काळात टिकलं. त्याच सुमाराच्या मराठी घरांतल्या फोटोंमध्ये लुगड्यावर उभ्या गळ्याची, लेस लावलेली पोलकी दिसतात. वारा तिथूनच आलेला आहे.

आता शोधण्याचे शब्द. इथे बरेच जण अडतात. त्या काळच्या अमेरिकन मासिकांत ‘वेस्ट’ म्हणजे नुसती कंबर नाही, कंबरेपर्यंतचा वरचा कपडा. ‘शर्टवेस्ट’ म्हणजे शर्टासारखा ब्लाउज. ‘बॉडिस’ हा शब्द टाकून काही सापडलं नाही तर ‘वेस्ट’ टाका, ढीगभर सापडेल. ‘लाँजरी ड्रेस’ म्हणजे आतले कपडे नव्हेत. पातळ पांढऱ्या सुती कापडाचा, लेस आणि बारीक टक्स घातलेला उन्हाळी गाऊन. ‘बर्था’ म्हणजे खांद्यावरून छातीवर पडणारी रुंद झालर, ‘गोअर’ म्हणजे आपली कळी. जुन्या जर्मन मासिकांत ‘ताल्ये’ (Taille) म्हणजेही बॉडिसच. पॅटर्नला फ्रेंचमध्ये ‘पात्रों’ (patron) आणि जर्मनमध्ये ‘श्निटमुस्टर’ (Schnittmuster) म्हणतात. या दोन शब्दांपुढे साल टाकून शोधलं की इंग्रजी शोधात कधीच न दिसणारं साहित्य वर येतं.

पॅटर्न मिळण्याच्या जागा मी चार प्रकारच्या मानते, आणि प्रत्येक प्रकार वेगळी तयारी मागतो.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे आजच्या छोट्या कंपन्यांचे, जुन्या कपड्यांवरून किंवा जुन्या पॅटर्नवरून बनवलेले, अनेक मापांचे पॅटर्न. फोकवेअरचा गिब्सन गर्ल ब्लाउज आणि वॉकिंग स्कर्ट, ट्रुली व्हिक्टोरियनची एडवर्डियन मालिका, जर्मनीतल्या ब्लॅक स्नेलचे पॅटर्न, सेन्स अँड सेन्सिबिलिटीचे १९०९नंतरचे गाऊन, पास्ट पॅटर्न्सच्या प्रतिकृती. यातले बरेचसे पीडीएफ स्वरूपात मिळतात, त्यामुळे परदेशी टपालखर्च वाचतो. सूचना पायरी-पायरीने दिलेल्या असतात. पहिलाच गाऊन असेल तर इथूनच सुरुवात करा असं मी ठामपणे सांगेन. पैसे मोजावे लागतात, पण त्या पैशांत मापांची प्रतवारी आणि शिवण्याचा क्रम मिळतो. पुढच्या तिन्ही प्रकारांत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

दुसरा प्रकार म्हणजे संग्रहालयातला खरा कपडा मोजून काढलेल्या आकृत्यांची पुस्तकं. जॅनेट आर्नल्ड यांचं ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ मालिकेतलं १८६० ते १९४०चं पुस्तक यात पहिलं. प्रत्येक तुकडा चौकटीच्या कागदावर, शेजारी आतली शिवण, हूक, अस्तर, पट्ट्या यांची रेखाटनं. नोरा वॉ यांचं १९६८चं ‘द कट ऑफ विमेन्स क्लोद्स’ १६०० ते १९३० इतका मोठा काळ घेतं. त्यात आतली रचना कमी पण कटचा प्रवास लख्ख कळतो. जीन हनिसेट यांचं १८०० ते १९०९चं पुस्तक रंगभूमी आणि चित्रपटांसाठी लिहिलेलं आहे. त्यातले पॅटर्न आजच्या अंगाला बसतील असे सुधारलेले आहेत. नाटकाचं काम असेल तर आर्नल्डआधी हनिसेट घ्या. आर्नल्डमधला कपडा एका विशिष्ट बाईच्या मापाचा आहे आणि ती बाई बहुतेक वेळा तुमच्या नटीपेक्षा बरीच लहान असते.

याच गटात फ्रान्सिस ग्रिंबल यांचं ‘द एडवर्डियन मोडिस्ट’ येतं. १९०५ ते १९०९चे ८५ पॅटर्न. त्याची पद्धत वेगळी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आकृतीवर आकडे असतात, पण ते इंच नसतात. पुस्तकाच्या शेवटी वेगवेगळ्या मापांच्या कागदी पट्ट्या छापलेल्या असतात. तुमच्या छातीच्या मापाची पट्टी कापून घ्यायची आणि आकृतीतले आकडे त्या पट्टीने मोजायचे. पट्टीवरचा एक भाग मोठ्या छातीसाठी मोठा आणि लहान छातीसाठी लहान असतो, त्यामुळे तीच आकृती तुमच्या मापात उतरते. खालच्या कपड्याला कोणत्या मापाची पट्टी घ्यायची ते तिथे दिलेलं असतं. इथे एक चूक हमखास होते: छातीची पट्टी छाती बरोबर देते, पण लांबीही त्याच प्रमाणात वाढवते. छाती ४२ असलेली बाई ३४ छातीच्या बाईपेक्षा त्या प्रमाणात उंच नसते. म्हणून ड्राफ्ट झाल्यावर पाठीची लांबी, काखेखालची लांबी, बाहीची लांबी आणि स्कर्टची उंची साध्या टेपने तपासून दुरुस्त करावीच लागते.

तिसरा प्रकार फुकटचा: त्या काळची छापील पुस्तकं आणि मासिकं. अमेरिकेत या जुन्या छापील मजकुराचा कॉपीराइट संपलेला आहे, त्यामुळे स्कॅन मोकळेपणाने मिळतात. (आर्नल्ड, वॉ, हनिसेट यांची पुस्तकं मात्र कॉपीराइटखाली आहेत, ती विकत घ्यायची किंवा ग्रंथालयातून आणायची.) इंटरनेट अर्काइव्ह, हाथीट्रस्ट आणि कॉर्नेल विद्यापीठाचा गृहविज्ञानाचा ‘हार्थ’ संग्रह या तीन ठिकाणी ड्रेसमेकिंगची पुस्तकं सापडतात. बटरिक कंपनीचं १९०५चं ‘ड्रेसमेकिंग अप टू डेट’ तुमच्या सालाचंच आहे. त्यात पॅटर्न नाहीत, पण पॅटर्न हातात आल्यावर काय करायचं ते सगळं आहे: अस्तर कसं बसवायचं, हाडं (बॉडिस ताठ ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्या) कशी घालायची, स्कर्टची किनार कशी पक्की करायची. पॅटर्न दुसरीकडून आणि शिवण्याची रीत या पुस्तकातून, अशी जोडी जमवली तर काम खूप अस्सल होतं.

फ्रेंच-जर्मन मासिकांसोबत मोठ्या घडीचा पॅटर्नचा कागद येत असे. त्यावर दहा-वीस कपड्यांचे तुकडे एकावर एक छापलेले असत. एका कपड्याची रेघ ठिपक्यांची, दुसऱ्याची तुटक, तिसऱ्याची फुल्यांची. आजच्या बुर्डा मासिकाचा कागद पाहिला असेल तर कल्पना येईल. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’वर त्या काळची मासिकं चाळता येतात. मात्र स्कॅनमध्ये हा घडीचा कागद अनेकदा नसतो, कारण तो अंकापासून सुटा व्हायचा किंवा वापरून फाटायचा. अंक सापडला म्हणजे पॅटर्न सापडला असं धरू नका. आधी पुरवणी आहे का ते बघा. व्हिंटेज पॅटर्न लेंडिंग लायब्ररीने ‘ला मोद इलुस्त्रे’ या फ्रेंच मासिकातले १९१२चे पॅटर्न पुन्हा काढून दिले आहेत, ते तिसऱ्या आकारासाठी उपयोगी.

र्‍होड आयलंड विद्यापीठाच्या कमर्शियल पॅटर्न अर्काइव्हचा उल्लेख वेगळा करायला हवा. तिथे त्या काळच्या विकाऊ पॅटर्नच्या पाकिटांची चित्रं आणि तुकड्यांचे छोटे आकार सालवार लावलेले आहेत. त्यावरून थेट कापायचं नाही, तपासायचं. तुमच्या हातातल्या पॅटर्नमध्ये कळ्या किती, उघडण पुढे की मागे, बाही एका तुकड्याची की दोन, हे खऱ्या १९०५च्या पाकिटाशी ताडून पाहायला याच्याइतकं चांगलं दुसरं साधन नाही.

चौथा प्रकार म्हणजे खरा जुना टिश्यू कागदाचा पॅटर्न, लिलावात मिळणारा. सुरुवातीला याच्या वाटेला जाऊ नका. १९२०च्या आसपासपर्यंत या पॅटर्नवर काहीही छापलेलं नसे. कोऱ्या पातळ कागदावर खाचा आणि पंच केलेली भोकं असत. कुठलं भोक म्हणजे उभा धागा, कुठलं म्हणजे टक आणि कुठलं म्हणजे घडी, हे पाकिटावर लिहिलेलं असे. पाकीट हरवलेलं असेल तर तुकडे ओळखण्यातच आठवडा जातो. शिवाय माप एकच. घेतलाच तर तो कागद कधीही कापडावर टाचू नका. आधी ट्रेस करून घ्या आणि मूळ कागद सपाट ठेवून द्या.

मोठ्या कंपन्यांच्या कॉस्च्युम विभागातले ‘एडवर्डियन’ पॅटर्न स्वस्त आणि सहज मिळतात. ते टाकाऊ नाहीत, पण घेण्याआधी पाकिटामागचं रेखाचित्र नीट वाचा. मागे सलग चेन, वरच्या कापडालाच छातीचे टक, अस्तर नाही किंवा नुसतं सुटं अस्तर, आणि तयार कपड्याचा घेर अंगापेक्षा चार-पाच इंच जास्त: ही चार लक्षणं दिसली की तो आजचा ड्रेस आहे, वरून लेस लावलेला. १९०५च्या बॉडिसचा सांगाडा अस्तरात असतो. अस्तर अंगाला चापून बसलेलं, त्यात हाडं, आणि कंबरेला आतून बांधायची पट्टी. वरचं कापड या अस्तरावर सैल मांडून जागोजाग टाचलेलं असतं. पुढचा ओघळ सुंदर दिसतो तो याच कारणाने: आतलं अस्तर त्याला धरून ठेवतं. अस्तराशिवाय तोच ओघळ शिवला तर दोन पावलं चालल्यावर तो सरकतो, कंबरेबाहेर निघतो, आणि नटी पूर्ण प्रवेशभर ब्लाउज खाली ओढत राहते. पॅटर्नमध्ये अस्तराचे तुकडे वेगळे दिलेले आहेत की नाहीत, हीच पारखण्याची पहिली खूण धरा.

आता छोट्या आकृतीवरून पूर्ण माप. आर्नल्डच्या पुस्तकात प्रमाण एकास आठ आहे, म्हणजे कागदावरचा १/८ इंच बरोबर कापडावरचा १ इंच. आपल्या शिवणाऱ्यांना हे फार सोपं पडतं, कारण आपलं ‘सूत’ म्हणजे नेमका १/८ इंच. पुस्तकातलं एक सूत म्हणजे कापडावरचा एक इंच. चौकट न मोजता नुसत्या टेपने सुतं मोजत गेलात तरी आकृती उतरते. इतर पुस्तकांत प्रमाण वेगळं असू शकतं. पानावर छापलेली मोजपट्टी आधी बघा.

मोठा ब्राउन पेपर घ्या, त्यावर एक-एक इंचाच्या उभ्या-आडव्या रेघा मारा. आधी पाठीचा तुकडा घ्या, तो सर्वांत सरळ असतो. उभ्या धाग्याची रेघ पहिली काढा, मग कोपरे, म्हणजे गळा, खांद्याचं टोक, काख, कंबर, आणि शेवटी कोपऱ्यांमधली वळणं. वळणावर दर इंचाला एक ठिपका द्या. मुंढ्याच्या वळणावर दर अर्ध्या इंचाला द्या, कारण तिथे हात चुकला की बाही बसत नाही.

झेरॉक्सवर आठपट करूनही काम होतं: ४०० टक्के आणि मग २०० टक्के. पण रेघही आठपट जाड होते हे विसरू नका. पुस्तकातली अर्ध्या मिलिमीटरची रेघ ४ मिलिमीटरची पट्टी होते. त्या पट्टीच्या बाहेरून कापलं तर प्रत्येक कडेला २ मिलिमीटर वाढतात. पूर्ण बॉडिसचे आठ तुकडे, उभ्या कडा सोळा, म्हणजे ३२ मिलिमीटर, सव्वा इंच. आतून कापलं तर सव्वा इंच कमी. नेहमी पट्टीच्या मधोमध नवी बारीक रेघ काढून तिच्यावरून कापा.

पीडीएफ छापतानाची चूक याच जातीची. अमेरिकन पॅटर्न त्यांच्या ‘लेटर’ कागदासाठी मांडलेला असतो. तो आपल्या ए-फोरपेक्षा ६ मिलिमीटर रुंद असतो. प्रिंटरवर ‘पानात बसवा’ निवडलेलं असेल तर चित्र ९७ टक्के किंवा त्याहून लहान होतं. ३६ची छाती ३५ होते. छापताना ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के निवडा, आधी फक्त चाचणीच्या चौकोनाचं पान काढा आणि धातूच्या पट्टीने दोन्ही दिशांना मोजा. ४ इंचाचा चौकोन एक सूत कमी भरला तरी छातीत साधारण इंचभर गेला, असं समजा. मोठी ए-झिरो फाईल दिलेली असेल तर आर्किटेक्टचे नकाशे छापून देणाऱ्या प्लॉटरच्या दुकानात जा. चिकटवण्याचा सगळा त्रास वाचतो. तिथेही चौकोन मोजल्याशिवाय कागद उचलू नका.

शिलाईची मार्जिन आर्नल्ड आणि वॉ यांच्या आकृत्यांत धरलेली नाही. खांदा, बाजू आणि मधल्या उघडणीला एक इंच, बाकी ठिकाणी अर्धा इंच द्या. जुन्या विकाऊ पॅटर्नमध्ये कुठे मार्जिन धरलेली, कुठे नाही. ठरवायचं असेल तर दोन शेजारचे तुकडे शिवणीवर ठेवून कंबरेचं माप काढा आणि पाकिटावरच्या मापाशी ताडून बघा.

मापं घेण्याआधी कॉर्सेट, म्हणजे गाऊनच्या आत घालायचा, ताठ पट्ट्यांचा, आवळून बांधायचा कपडा. हे पटवून द्यायला मला नेहमी जास्त शब्द लागतात, तरी सांगते. १९०५चा पॅटर्न अंगावर नाही, कॉर्सेटवर कापलेला असतो. त्या काळचं पुढून सरळ पोलादी पट्टीचं कॉर्सेट पोटाला आत दाबतं आणि छातीला वरून मोकळं सोडतं. त्यावर बॉडिस घातला तरच पुढचा ओघळ आणि पाठीचा बाक येतो. कॉर्सेट करकचून आवळायचं नाही. कंबर दोन इंच कमी झाली तरी पुरे. कंबर बारीक दिसते ती वर आणि खाली भर दिल्यामुळे: कॉर्सेटवरच्या सुती झग्याला छातीपाशी झालरींच्या दोन-तीन ओळी, आणि नितंबांवर छोट्या उशा. त्या काळच्या बायकाही हेच करत. त्यामुळे क्रम असा: कॉर्सेट, त्यावर झालरीचा झगा, त्यावर परकर, आणि मग मापं. साध्या अंगावर घेतलेल्या मापाने गाऊन शिवून नंतर आत कॉर्सेट घातलं तर छातीपाशी आवळतो आणि कंबरेला लोंबतो. कॉर्सेट करणं शक्यच नसेल तर नाटकाचं साल १९११-१२कडे नेता येतं का हे दिग्दर्शकाला विचारा. तो आकार कॉर्सेट नसताना खूप माफ करतो.

माप वाढवण्याचं एक उदाहरण घेऊ. पुस्तकातल्या बॉडिसच्या अस्तराची छाती ३४ आहे. नटीची छाती कॉर्सेटवर ३६, अधिक दोन इंच सैलपणा, म्हणजे हवी ३८. फरक ४ इंच, अर्ध्या अंगाला २ इंच, म्हणजे १६ सुतं. अर्ध्या अंगाचे तुकडे चार: पुढचा, काखेखालचा, पाठीच्या बाजूचा आणि पाठीचा मधला. त्यांच्यात शिवणी तीन, कडा सहा. काखेखालच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणींत चारही कडांना तीन-तीन सुतं, ती झाली बारा. पाठीच्या बाजूचा आणि मधला तुकडा जोडणाऱ्या शिवणीच्या दोन कडांना दोन-दोन, ती चार. एकूण सोळा. सगळी वाढ एकाच बाजूच्या शिवणीत घातली तर पाठीच्या सुंदर वळणदार शिवणी मध्येच दाटून बसतात आणि काखेत कापड गोळा होतं. ही वाढ वर मुंढ्यातही शिरते. बाहीच्या वरच्या घेराला तेवढीच द्या, नाहीतर बाही चढणार नाही. कंबर वेगळी मोजून वेगळी वाढवा. चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर असं ओढाताण करून वाढवण्यापेक्षा पट्टीच्या पद्धतीने नवा ड्राफ्ट काढलेला बरा.

मग मांजरपाटावर कच्चं शिवून बघा, अस्तर म्हणून हेच तुकडे वापरायचे असल्याने हा वेळ फुकट जात नाही. कच्च्या शिलाईत तीन गोष्टी चुकीच्या वाटतील, त्या दुरुस्त करू नका. खांद्याची शिवण खांद्याच्या माथ्यावर नसून इंच-दीड इंच मागे असते. ती तिथेच हवी. मुंढा लहान आणि काखेत उंच असतो. हात उचलता येत नाही असं वाटून मुंढा खाली कापला तर उलट होतं: हात वर केला की पूर्ण बॉडिस वर येतो. उंच मुंढ्यानेच हात मोकळा राहतो. आणि कंबरेची रेघ पुढे मागच्यापेक्षा इंच-दोन इंच खाली असते. स्कर्टचा वरचा काठही त्याच उताराने कापायचा. तो सरळ कापला तर पुढे पोटावर आडव्या सुरकुत्या पडतात.

लेस-भरतकामाबद्दल एवढंच: भरायचं असेल ते तुकडा कापण्याआधी. १९०३च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी घातलेला मोरपिसांचा गाऊन असाच झाला. शिफॉनचे तुकडे आपल्याकडच्या कारागिरांनी जरीने भरले, पिसाच्या डोळ्याच्या जागी भुंग्याचे हिरवे पंख लावले आणि मग तुकडे पॅरिसला वर्थ या नामांकित फॅशन हाऊसकडे शिवायला गेले. आज तो डर्बीशरमधल्या केडल्स्टन हॉलमध्ये आहे. कापडावर तुकड्याची बाह्यरेषा कच्च्या दोऱ्याने काढा, भोवती दीड-दोन इंच कापड सोडून भरतकामाच्या अड्ड्यावर (कापड ताणून भरायच्या चौकटीवर) द्या, भरून आल्यावर पॅटर्न पुन्हा ठेवून रेघ तपासा आणि मग कापा. भरताना कापड आकसतं. आधी कापलेला तुकडा भरून आल्यावर शेजारच्याला मिळत नाही.

कापड किती लागेल हे जुन्या पुस्तकात वाचताना पन्हा बघा. रेशीम तेव्हा २० ते २७ इंच पन्ह्याचं असे. ‘२२ इंच पन्ह्याचं ९ यार्ड’ म्हणजे आपल्या ४४ पन्ह्याचं हिशोबाने साडेचार यार्ड. पण रुंद कळ्या एकमेकींत नीट बसत नाहीत, त्यामुळे पाऊण-एक मीटर जास्त घ्या. १९०५च्या स्कर्टचा खालचा घेर चार-पाच यार्डांचा सहज असतो. १९१२चा दोन यार्डांच्या आत. घेर पाहूनही पॅटर्नचं साल ओळखता येतं.

कळ्यांचा उभा धागा मात्र पॅटर्नवर दाखवलेला असेल तसाच ठेवा. आपण परकराच्या कळीत धागा मधोमध घेतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या तिरप्या होतात आणि घेर चारी बाजूंना सारखा पडतो. एडवर्डियन स्कर्टमध्ये पुढची कळी तशी असते, पण बाजूच्या आणि मागच्या कळ्यांत उभा धागा पुढच्या कडेला समांतर असतो आणि सगळा तिरपेपणा मागच्या कडेला. त्यामुळे प्रत्येक शिवणीत एक सरळ कड आणि एक तिरपी कड एकत्र येते, सरळ कड तिरपीला ताणू देत नाही, आणि घेर मागे लोटला जातो. तुतारीसारखा मागे वाहणारा स्कर्ट यातूनच होतो. शिवताना वरून खाली टाचा, तिरपी कड खाली ठेवा, ओढू नका. शेवटी खाली जास्तीचं कापड उरलं तर ते कापून टाका, जुळवत बसू नका. मग कंबरेला पट्टी लावून स्कर्ट निदान एक दिवस, जड कापड असेल तर दोन-तीन दिवस, टांगून ठेवा. मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही कडा तिरप्या असल्यामुळे ती सर्वांत जास्त उतरते. खालचा काठ त्यानंतरच, कॉर्सेट आणि नाटकातले बूट घातलेल्या नटीच्या अंगावर, जमिनीपासून पट्टीने मोजून आखायचा.